डिजिटल शेती बांधावरच का अडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, कृषी पदवीचे विद्यार्थी आणि शेतीची ॲप तयार करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. पण तुकड्यातुकड्यांची जमीन, तोंडी करार आणि उधारीवर चालणारी शेती जिथे जिथे आहे, तिथल्या अडचणी याच घरातल्या आहेत.

डिजिटल शेतीत नेमकं काय काय येतं?

हवामानाचा एसएमएस, व्हॉट्सॲपवर येणारा बाजारभाव, पिकाचा फोटो काढून रोग ओळखणारं ॲप, जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर, फवारणीचा ड्रोन, उपग्रहाच्या चित्रावरून पिकाचा अंदाज. आणि याशिवाय सरकारी बाजू: ई-पीक पाहणी (आपल्या पिकाची नोंद स्वतः ॲपवर करणं), महाडीबीटी (सरकारी अनुदानाच्या अर्जांचं पोर्टल), पीक विम्याचं पोर्टल, ॲग्रीस्टॅक या शेतकरी आणि जमिनीच्या नोंदी जोडणाऱ्या सरकारी व्यवस्थेचा शेतकरी ओळख क्रमांक. या दोन गटांतला फरक लक्षात ठेवलेला बरा. पहिल्यातलं शेतकरी मनात आलं तर घेतो. दुसऱ्यातलं त्याला घ्यावंच लागतं, नाहीतर पैसे थांबतात.

शेतकरी जुन्या वळणाचे असतात, म्हणून नवं तंत्रज्ञान घेत नाहीत. हे कितपत खरं?

ज्यांना असं वाटतं त्यांनी एखाद्या बागायती गावातल्या विहिरीवरची स्टार्टरची पेटी उघडून पाहावी. आत सिमकार्ड घातलेला मोबाइल स्टार्टर असतो. घरून फोन लावायचा, पंप सुरू. पुन्हा लावायचा, बंद. फेज गेली की तो स्वतः फोन करून कळवतो. यासाठी कोणी मेळावा घेतला नव्हता, प्रशिक्षण नव्हतं, गावात डिजिटल दूतही नेमला नव्हता. शेजाऱ्यानं बसवला, त्याची रात्रीची खेप वाचली, दुसऱ्यानं पाहिलं, त्यानं वायरमनला बोलावून बसवून घेतला. राज्यात शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. अंधारात, साप-विंचवाच्या भीतीनं, कडाक्याच्या थंडीत विहिरीवर जाणं ज्याला चुकवायचं आहे, त्याला या यंत्राचा फायदा पहिल्याच रात्री कळतो.

महावितरणला यातला ऑटोस्विच प्रकार आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. वीज येताक्षणी डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात आणि रोहित्र जळतं. म्हणजे वापर इतका वाढला की तो आवरायची पाळी आली. तेव्हा 'शेतकरी नवं घेत नाही' हे वाक्य सोडून द्यावं. फायदा लगेच दिसला, डोळ्यांनी दिसला आणि बिघाड गावातच दुरुस्त होत असला, तर तो घेतो.

मग अडतं कुठे?

फोन चालवता येण्यावर फारसं अडत नाही. फोनवर जे सांगितलं ते करायची ऐपत, अधिकार आणि भरवसा, या तिन्हींवर अडतं.

ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचंच घ्या. मंगळवारी तो सांगतो, आज पाणी द्या. पण या आठवड्यात वीज रात्रीची आहे. विहीर चार भावांत आहे आणि मंगळवारची पाळी थोरल्याची. कॅनॉलवर शेत असेल तर आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे खातं ठरवतं. सेन्सरचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, पण पाणी कधी द्यायचं हे ठरवण्याचा अधिकारच त्या शेतकऱ्याकडे नाही. फवारणीचंही तसंच. ॲप म्हणतं, दोन दिवसांत फवारा. त्या दोन दिवसांत गावातल्या प्रत्येकाला मजूर हवे असतात आणि मजूर मोजकेच असतात.

परिषदांत हे फारसं बोललं जात नाही, कारण माहिती पुरवणं स्वस्त आहे. दिवसाची वीज पुरवणं महाग आहे.

ॲपचा सल्ला फुकट असतो, तरी लोक कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचंच का ऐकतात?

दुकानदार सल्ल्याबरोबर उधारी देतो. जूनमध्ये बियाणं, खत, तणनाशक नेलं की हिशोब दिवाळीनंतर, सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर. ॲप एखादं औषध सुचवतं. ते त्या दुकानात नसेल तर रोख पैसे घेऊन तालुक्याला जावं लागतं. शिवाय औषध लागू पडलं नाही तर दुकानदाराला चारचौघांत जाब विचारता येतो. ॲपला कुठे गाठायचं?

दुकानदाराचा सल्ला निखळ असतो असं अजिबात नाही. ज्या औषधात मार्जिन जास्त, त्याची बाटली आधी पुढे येते. पण फोटोवरून रोग सांगणाऱ्या काही ॲपचं उत्पन्नही शेवटी औषधविक्रीतूनच येतं, हे शेतकऱ्याला लवकर कळतं. दोन्हीकडे विक्रेताच असेल तर उधारी देणारा बरा, असा त्याचा हिशोब असतो. यात अडाणीपणा मला तरी दिसत नाही.

जमीन लहान असल्यानं तंत्रज्ञानाचं काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली पैशाची. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, देशात १.०८ हेक्टर, देशातले ८६ टक्के खातेदार अल्पभूधारक किंवा अत्यल्पभूधारक. यंत्राची किंमत दोन एकरांवर पसरवायची की दोनशे एकरांवर, यानं सगळं गणित फिरतं. अमेरिकेतल्या मक्याच्या शेतासाठी बनवलेली वस्तू किंमत निम्मी करूनही इथे परवडेल असं नाही.

दुसरी मोजमापाची. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात आणि बरीच ॲप त्यांच्यावरच चालतात. त्या चित्रातला सर्वात बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. वीस गुंठ्यांच्या लांबट पट्टीत असे वीसच ठिपके बसतात. त्यातले कडेचे बरेचसे बांधावरच्या बाभळीवर आणि शेजाऱ्याच्या उसावर अर्धेअधिक पडलेले. त्यात सोयाबीनमध्ये तूर, कपाशीत मूग असं आंतरपीक असलं की संगणक गोंधळतो. आणि खरिपात नेमकं पिकाला गरज असते तेव्हा आभाळ भरलेलं असतं. ढगांआडून हा उपग्रह काही पाहू शकत नाही. रडारवर चालणारा सेंटिनेल-१ ढगांतून पाहतो, पण त्याची चित्रं वाचणं अवघड आणि त्यासाठी स्थानिक पिकांच्या भरपूर नोंदी आधी गोळा कराव्या लागतात.

सेन्सरचीही एक खास अडचण आहे, काळ्या जमिनीची. भारी काळी माती वाळली की भेगाळते. सेन्सरच्या कांडीभोवतीच भेग पडली तर तिथे हवा शिरते आणि आकडा चुकतो. तांबड्या किंवा पोयट्याच्या जमिनीत तपासलेलं यंत्र विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या रानात तसंच बसवलं की ही फजिती होते.

बटईनं (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्यानं (ठरलेल्या पैशावर) दुसऱ्याची जमीन करणाऱ्याला या योजना मिळतात का?

बहुतेक नाही. आणि माझ्या मते ही या संपूर्ण विषयातली सगळ्यात मोठी भिंत आहे, म्हणून थोडं मागे जाऊन सांगायला हवं.

१९४८ च्या कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी पश्चिम महाराष्ट्रातल्या कुळांना कसत असलेल्या जमिनीचं मालक मानलं. न्यायाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती. पण तिची एक सावली अजून आहे: जमीन कसायला देताना कागद केला तर उद्या कूळ लागेल, ही धास्ती मालकांच्या मनातून गेलेली नाही. विदर्भ आणि मराठवाड्यात कुळांचे कायदे वेगळे होते, धास्ती तीच. त्यामुळे बटई म्हणा, अर्धेली म्हणा, ठोका किंवा मक्ता म्हणा, करार तोंडीच असतो. गुढीपाडव्याला शब्द होतो आणि वर्षभर पाळला जातो.

आता डिजिटल व्यवस्थेचा पाया काय, तर सातबारा. ई-पीक पाहणी सातबाऱ्यावर. शेतकरी ओळख क्रमांक सातबारा आणि आधार जोडून. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी विभागाच्या योजनांना तो सक्तीचा आहे. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबालाच. पीक विम्यात कसणाऱ्याला भाग घेता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो, आणि तो कोणी करून देत नाही हे आपण वर पाहिलंच. परिणाम असा की घाम एकाचा आणि खातं दुसऱ्याचं. नुकसानभरपाई पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या बँकेत जमा होते. ती कसणाऱ्याला द्यायची की नाही हे मालकाच्या मनावर.

कागदी कारभारातही हा माणूस बाहेरच होता. फरक इतकाच की तलाठी गावातला असला तर त्याला ठाऊक असायचं रान कोण करतंय, आणि तो कधी कधी वाट काढायचा. संगणकाला तेवढं ठाऊक नसतं. नीती आयोगानं २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला, मालकाचा हक्क शाबूत ठेवून कसणाऱ्याला ओळख देणारा. तसं काही इथे नीट राबवलं जात नाही तोवर ॲप कितीही सुधारलं तरी या लोकांपर्यंत पोहोचणार नाही.

आणि शेतात राबणाऱ्या बायका?

त्यांची अडचण याच वळणाची, फक्त दुहेरी. २०१५-१६ च्या गणनेत देशात जेमतेम १४ टक्के वहिती खाती बायकांच्या नावावर होती. त्यात फोनही बहुतेक वेळा घरचा, म्हणजे नवऱ्याचा किंवा मुलाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या निम्म्याहून कमी बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. निंदणी, वेचणी, बियाणं राखणं ही कामं ज्या करतात, त्यांच्या कामाचा सल्ला नवऱ्याच्या खिशातल्या फोनवर येतो आणि तिथेच राहतो. ओटीपीही तिथेच येतो.

'नमो ड्रोन दीदी' योजनेनं बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं, १५,००० गटांना, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. कल्पना चांगली आहे. पण ड्रोनचालकाच्या प्रमाणपत्राला दहावी पास लागते, आणि गटातली शेतीचा सर्वात जास्त अनुभव असलेली बाई बहुधा त्याआधीच शाळेतून निघालेली असते.

नेटवर्क हीच खरी अडचण नाही का?

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, कोकणातल्या दऱ्या इथे हो. आदिवासी पट्ट्यात वनहक्काच्या जमिनींचा अभिलेख सातबाऱ्याइतका सरळ नसल्यानं तिथे दोन्ही संकटं एकत्र येतात. बाकी बऱ्याच गावांत टॉवर आहे, पण गावठाणात. शिवारात गेलं की एक दांडी. ई-पीक पाहणीला मात्र फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. नेटवर्क नसताना नोंद साठवून नंतर पाठवायची सोय ज्या ॲपमध्ये धड चालते, ती लोक वापरतात.

पीक पाहणी आणि नोंदणी शेतकऱ्यानं स्वतः करायची, यात त्रास कसला? उलट तलाठ्याच्या मागे फिरणं वाचतं ना?

वाचतं, आणि ते कमी नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, त्याआधी तलाठी चावडीत बसून मागच्या वर्षीचंच पीक उतरवतो ही तक्रार सर्रास होती. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरी मिळतो. हे फायदे खरे आहेत आणि कोणीही पुन्हा जुन्या दिवसांत जायला तयार होणार नाही.

तरी एक गोष्ट झाली आहे. पूर्वी जे काम सरकारचं होतं ते आता शेतकऱ्याचं झालं, आणि चुकलं तर शिक्षाही त्यालाच. मुदत संपत आली की सर्व्हर दमतो, मग मुदतवाढ निघते, पुन्हा शेवटच्या दोन दिवसांत तीच गर्दी. सातबाऱ्यावर 'पांडुरंग' आणि आधारवर 'पांडूरंग' असलं तरी घोडं अडतं. २०२५ च्या हंगामात भारतीय कपास निगमनं हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि विक्रीचा दिवस ठरवणं आवश्यक केलं. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या बराच खाली. ज्याला ॲप जमलं नाही त्यानं व्यापाऱ्याला घातला. नोंदणीची मुदत इथेही वाढवावी लागली.

आणि ज्याला जमत नाही तो सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या गावातल्या सेवा केंद्रात जातो. म्हणजे दलाल गेला असं म्हणताना नवा मध्यस्थ उभा राहिला. पीक विम्यात केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत. २०२३ मध्ये राज्यानं विमा एक रुपयात केला. शेतकऱ्याच्या खिशातून काही जाईना आणि केंद्रचालकाला प्रत्येक अर्जाचे पैसे मिळतच राहिले. मग सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, नसलेल्या बागांवर विमे उतरले. बोगस अर्ज लाखांत गेले आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजनाच गुंडाळली. तंत्रज्ञान तिथे व्यवस्थित चाललं होतं, बिघडला होता तो कमिशनचा हिशोब.

बाजारभाव मोबाइलवर आला तर शेतकऱ्याला जास्त भाव मिळतो ना?

याचं उत्तर महाराष्ट्रातच तपासून झालं आहे. २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही एसएमएस सेवा राज्यात सुरू झाली. भाव, हवामान, पीकसल्ला असं सगळं मराठीत यायचं. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या शंभर गावांत काही शेतकऱ्यांना ही सेवा देऊन आणि काहींना न देता तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही.

कांदा उत्पादकाला यात नवल वाटणार नाही. लासलगावचा भाव कळतो, पिंपळगावचाही कळतो. पण आडत्याकडून लागवडीला उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर भरलेला असतो, घरी पैशाची नड असते, आणि साठवायला कांदाचाळ नसेल तर कांदा थांबत नाही. केरळमधल्या मच्छीमारांच्या बाबतीत मात्र रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये उलटं दाखवलं होतं: मोबाइल आला, बंदराबंदरांतला भावफरक मिटला, मासळी वाया जाणं थांबलं. तिथे नाव समुद्रातूनच दुसऱ्या बंदराला वळवता येत होती. ज्याला वळता येतं त्याला माहितीचा उपयोग.

हवामानाचा अंदाज तरी उपयोगी पडतो का?

पडतो, द्राक्षवाल्यांना तर फारच. अडचण मोजणीच्या जागेची आहे. 'महावेध' प्रकल्पात राज्यात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, महसूल मंडळाला एक. एका मंडळात सरासरी वीसेक गावं. जूनमधला वळीव एका शिवाराला झोडपून शेजारचं कोरडं ठेवतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी. केंद्र जिथे आहे तिथे ४० पडला आणि तुमच्या गावात ढगफुटी झाली, तरी नोंद ४० चीच. फळपीक विम्याची भरपाईही अशाच केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. एकदा असा अनुभव आला की माणूस त्याच यंत्रणेनं पाठवलेला अंदाजही मनावर घेत नाही.

ड्रोनला अनुदान आहे, मग गावागावांत का दिसत नाहीत?

दिसू लागले आहेत, विशेषतः उसात, जिथे माणसाला शिरून फवारता येत नाही. पण घेणाऱ्याला खरेदीनंतरचा खर्च भारी पडतो. एका बॅटरीत काही मिनिटंच उडतो, म्हणून तीन-चार संच लागतात, ते बांधावर चार्ज करायला जनरेटर लागतो, हे सगळं न्यायला गाडी लागते. पंखा तुटला तर सुटा भाग शहरातून यायला आठवडा, आणि फवारणीचा हंगाम तेवढ्यात निघून जातो. अनुदान खरेदीला असतं, दुरुस्तीला कोणी देत नाही. ट्रॅक्टर गावात रुजला कारण प्रत्येक बाजारगावात त्याचा मिस्त्री होता.

बारामतीच्या एआय उसाबद्दल फार ऐकतो. ते सगळ्यांना शक्य आहे का?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं २०२४ मध्ये सुमारे हजार शेतकऱ्यांच्या उसात हा प्रयोग सुरू केला: हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रं आणि त्यावरून रोजचा सल्ला. उत्पादन वाढल्याचे आणि पाणी वाचल्याचे आकडे मोठे सांगितले जातात. त्यावर लगेच टाळी किंवा शंका देण्याआधी आजूबाजूचं पाहावं. तिथे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, ठिबक आहे, आणि उसाला घेणारा साखर कारखाना ठरलेला आहे. हा प्रयोग पसरवताना खर्चाचा वाटा कारखाना आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं उचलायचा विचार पुढे आला, तो कारखाना उसाच्या बिलातून वसुली करू शकतो म्हणूनच. जिरायती सोयाबीनवाल्याच्या मागे असा कोण उभा आहे? राज्यानं जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. तो पैसा उसाबाहेर किती जातो यावर लक्ष ठेवायला हवं.

बाहेरच्या देशांत कसं चाललं आहे?

इथिओपियानं २०१४ मध्ये ८०२८ हा मोफत फोन क्रमांक सुरू केला. साध्या बटणांच्या फोनवरून लावायचा, अम्हारिक, ओरोमो अशा आपल्या भाषेत पिकाचा सल्ला ऐकायचा. वाचता येण्याची अट नाही, इंटरनेट नाही. आपल्याकडे गुजरातेत कापूस उत्पादकांसाठी 'आवाज ओटलो' या सेवेनं असंच काम केलं होतं. मला ही दिशा चकचकीत ॲपपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते.

केनियाचं एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं आणि पैसे पाठवायची सगळी रीतच बदलली. त्याचं यश लोक सॉफ्टवेअरच्या खात्यावर टाकतात. खरं तर खेडोपाडी टपरीत बसून रोख घेणारे-देणारे एजंट होते म्हणून ते चाललं. शेतीच्या सल्ल्याच्या सेवांना तिथेही तसं यश मिळालं नाही. आफ्रिका आणि भारतातले असे प्रयोग एकत्र तपासून रैसा फॅब्रेगास, मायकेल क्रेमर आणि फ्रँक शिलबाख यांनी २०१९ मध्ये मांडलं की मोबाइलवरच्या सल्ल्यानं उत्पादन सरासरी ४ टक्के वाढतं. खर्च नगण्य असल्यामुळे हे ४ टक्केही वाईट नाहीत. 'उत्पन्न दुप्पट' म्हणणाऱ्यांनी मात्र हा आकडा भिंतीवर लावावा.

आपल्याकडे पूर्ण यशस्वी झालेलं एखादं उदाहरण?

निर्यातीच्या द्राक्षांचं ग्रेपनेट. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या या प्रणालीत बागेची नोंदणी होते, फवारण्यांची नोंद ठेवली जाते, प्रयोगशाळेचा रासायनिक अंशाचा अहवाल चढतो आणि युरोपातल्या पेटीवरून नाशिकची बाग शोधता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, कंटेनर पडून राहिले आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर नोंदी कशासाठी, हे कोणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. नोंद ठेवणाऱ्याला त्याच हंगामात जास्त भाव मिळतो. ई-पीक पाहणी नीट केली म्हणून सोयाबीनला क्विंटलमागे रुपयाही जास्त मिळत नाही, हा दोन्हींतला फरक.

कीड सर्वेक्षणाचा 'क्रॉपसॅप' प्रकल्पही नोंदवायला हवा. २००८ मध्ये सोयाबीनवर अळीनं धुमाकूळ घातल्यावर तो सुरू झाला. त्यात शेतात जाऊन अळ्या मोजणारी माणसं आधी होती, संगणक नंतर.

ॲप मराठीत आहे तरी लोक दोन दिवसांत का काढून टाकतात?

बऱ्याचदा ते मराठीत लिहिलेलं नसतं, यंत्रानं भाषांतर केलेलं असतं. शिवाय मापं. 'हेक्टरी ५०० ग्रॅम क्रियाशील घटक' वाचून काय करायचं? शेतकऱ्याचा प्रश्न एकच: पंपाला किती? आणि पंप पंधरा लिटरचा. फोनमध्ये जागा कमी असते, तेव्हा पहिलं ॲप शेतीचंच जातं, नातवंडांचे व्हिडिओ जात नाहीत.

माझ्या शेताची माहिती कोणाकडे जाते?

तुम्ही 'सहमत' दाबता तेव्हा बहुधा जमिनीचं क्षेत्र, पीक, फोन नंबर आणि ठिकाण हे सगळं देता. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा संमतीशिवाय वापर करायला मनाई करतो, पण त्यात सरकारसाठी बऱ्याच सवलती आहेत. ॲग्रीस्टॅकवर बँकेला कर्ज लवकर देता येईल हे खरं. तीच माहिती पाहून नाकारताही येईल. शेतकऱ्यांच्या मनात ही भीती असते आणि तिला 'गैरसमज' म्हणून झटकणं बरोबर नाही. ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका, अगदी 'कृषी खात्यातून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही.

आमची उत्पादक कंपनी आहे. सभासदांसाठी काय घ्यावं?

प्रत्येकाला वेगळा सेन्सर घेऊ नका. एकसारखी जमीन आणि एकच पीक असलेल्या सभासदांचा गट करून गटाला एक घ्या, आणि रोजचा आकडा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आवाजी निरोपानं सांगायला एक माणूस नेमा. त्याला पगार द्या. फुकटचा उत्साह एक हंगाम टिकतो. ड्रोन विकत घेण्यापेक्षा पहिलं वर्ष एकरी भाड्यानं बोलवा. आणि बियाणं-खतांसारख्या निविष्ठा उधारीवर द्यायची सोय कंपनीकडे नसेल, तर सल्ल्याचं ॲप घ्यायची घाई करू नका.

विक्रेता दारात आला आहे. सही करण्याआधी काय विचारू?

दुसऱ्या वर्षापासून वर्गणी किती? वर्गणी थांबवली तर यंत्र चालतं की बंद पडतं? आपल्या तालुक्यात दुरुस्ती कोण करतो, त्याचा नंबर. काळ्या जमिनीत कुठे बसवलं आहे, तिथल्या शेतकऱ्याकडे विक्रेत्याशिवाय एकट्यानं जाऊन या. उंदरानं वायर कुरतडली किंवा वीज पडली तर वॉरंटीत बसतं का? सिमकार्ड कोणत्या कंपनीचं आणि तुमच्या रानात तिची रेंज आहे का? सल्ला चुकून नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, हे कराराच्या कोणत्या ओळीत लिहिलं आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. बहुतेक करारांत ती ओळ कंपनीची जबाबदारी झटकणारीच सापडेल. दुसरं मत हवं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. नाहीतर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात करार घेऊन जा आणि त्यांच्याकडून वाचून घ्या.